उत्तरेच्या वाटेवरचे मुक्काम

प्रवासवर्णने आपण पुष्कळ वाचतो. डोंगर, सरोवरे, परक्या देशातील माणसे आणि त्यांचे आतिथ्य ह्यांनी ती भरलेली असतात. परंतु निघण्यापूर्वी कित्येक महिने घरातल्या टेबलावर, नकाशा आणि पंचांग समोर ठेवून, जो एक दुसरा प्रवास घडत असतो, त्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. रात्री कोठे राहावयाचे, हा त्या प्रवासाचा मुख्य प्रश्न. लांबच्या आणि विरळ वस्तीच्या वाटेवर बाकीचे सारे प्रश्न त्याच्याच पोटात येतात. मला हा अनुभव २०२४ साली आला, आणि तो ज्या वाटेसंबंधी आला ती वाट कॅनडातून अलास्काकडे जाते.

अलास्का महामार्ग हे नाव आपल्यापैकी अनेकांच्या कानावरून गेले असेल. १९४१ च्या डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अलास्का उर्वरित अमेरिकेशी रस्त्याने जोडलेला नाही ही गोष्ट अमेरिकेच्या सेनाधिकाऱ्यांना एकाएकी टोचू लागली. १९४२ च्या मार्चात काम सुरू झाले. ब्रिटिश कोलंबियातील डॉसन क्रीकपासून अलास्कातील डेल्टा जंक्शनपर्यंत, जंगले, दलदली आणि गोठलेली जमीन तुडवीत, सैनिकांनी तो कच्चा रस्ता आठ महिन्यांत पार नेला. त्या सैनिकांपैकी सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते, आणि त्यांच्या श्रमाची दखल बरीच वर्षे नीटशी घेतली गेली नाही. सामान्य वाहनांना हा रस्ता १९४८ साली खुला झाला. वळणे काढून सरळ केल्यामुळे आज त्याची लांबी सुमारे २,२३० किलोमीटर उरली आहे. जुने मैलाचे आकडे मात्र लोकांच्या तोंडी तसेच राहिले आहेत.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. सातारा जिल्ह्यातील घाटरस्त्यांवर त्यांची हयात गेली. आठ महिन्यांत एवढा रस्ता कसा झाला, मोऱ्या कशा बांधल्या, पाणी कोठे काढून दिले, हा विचार त्यांच्या डोक्यात कित्येक वर्षे होता. दादा नोकरीनिमित्त एडमंटनला स्थायिक झाला तेव्हापासून तर तो विचार हट्टाच्या रूपाला आला. परंतु अण्णांचे वय शहात्तर, आदल्या वर्षी हृदयात दोन स्टेंट बसविलेले, आणि मधुमेहासाठी रोज इन्सुलिन. पुण्याच्या डॉक्टरांनी जाण्यास हरकत घेतली नाही, पण सलग दीड तासापेक्षा अधिक बसावयाचे नाही, ही अट घातली. आईचे म्हणणे असे की, ज्या वाटेवर दोनशे किलोमीटर दवाखाना नाही त्या वाटेवर ह्यांना नेणे हा शहाणपणा नव्हे. तिचे म्हणणे चुकीचे होते असे मला आजही म्हणता येणार नाही.

अखेर जावयाचे ठरले, आणि मुक्कामांची आखणी माझ्याकडे आली. मी दिल्लीत बसून भाषांतराचे काम करते. शब्द तपासून पाहण्याची सवय असलेल्या माणसाला वेळापत्रकही तपासून पाहता येईल, असा दादाचा तर्क असावा.

ज्या मोटारीत बिछाने, शेगडी, फ्रीज, मोरी आणि संडास अशी सारी सोय असते, तिला तिकडे ‘आरव्ही’ म्हणतात. मी तिला फिरते घर म्हणते. ‘कँपग्राउंड’ ह्या शब्दाशी मात्र मी बराच वेळ झटापट केली. ‘छावणी’ म्हटले की फौज डोळ्यांसमोर येते, ‘शिबिर’ म्हटले की व्याख्याने. शेवटी आपला ‘तळ’ हाच शब्द मला पटला. आमचे गाव लोणंद. ज्ञानेश्वरमाउलींची पालखी तेथे मुक्कामाला असते, आणि पालखीतळ म्हणजे काय हे आम्हांला शिकवावे लागत नाही. पालखीचा प्रत्येक मुक्काम ठरलेला असतो आणि वारकऱ्याला उद्याची चिंता नसते. दादाचे मत तसेच होते: एकवीस रात्री, एकवीस जागा, सर्व आधी राखून ठेवाव्यात. त्याने तसा एक सुबक तक्ताही केला होता.

मला तो तक्ता पाहून धास्ती वाटली. पालखीत थकलेल्या माणसाला मागच्या ट्रकमध्ये बसता येते. येथे थकलेला माणूस आणि वाहन एकच. सर्व रात्री बांधून घातल्या तर अण्णांची प्रकृती तक्त्याच्या मागे धावणार. शिवाय अर्ध्याअधिक वाटेवर तसे करणे शक्यही नव्हते. युकॉन सरकारचे तळ बहुतांशी ‘जो आधी येईल त्याचा’ ह्या नियमाने चालतात. आपण रिकामी जागा पाहून गाडी उभी करावयाची, फाटकापाशी ठेवलेल्या पाकिटात पैसे घालून ते लोखंडी पेटीत टाकावयाचे आणि पावतीचा तुकडा आपल्या जागेच्या खांबाला अडकवावयाचा. जळाऊ लाकूड त्याच पैशात मिळते. वीज नसते. पाणी असल्यास बहुधा हातपंपाचे, आणि ते उकळून घ्यावे लागते. खाजगी तळांवर मात्र वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी मिळते, पण तेथे गाड्या चाळीतल्या खोल्यांसारख्या एकीला एक लागून उभ्या असतात.

ह्या दोहोंचा मेळ घालताना मी गाडीच्या टाक्यांपासून सुरुवात केली, आणि तुम्हांपैकी कोणी असा प्रवास योजणार असेल तर त्यानेही तेथूनच करावी असे सुचवीन. फिरत्या घराच्या पोटात तीन टाक्या असतात: स्वच्छ पाण्याची, मोरीच्या पाण्याची आणि संडासाची. आम्ही पाच माणसे, त्यांत आई दिवसातून चार वेळा भांडी विसळणारी. तेव्हा तिसऱ्या दिवशी मोरीची टाकी भरणार हे उघड होते. इन्सुलिन थंड राहिले पाहिजे. फ्रीज गॅसवर चालतो, परंतु त्याची यंत्रणा बॅटरीवर अवलंबून असते. म्हणून दर तिसरी रात्र जोडणीच्या तळावर, मधल्या दोन सरकारी तळांवर, हा सांगाडा ठरला. दिवसाचे अंतर साडेतीनशे किलोमीटरांच्या आत, दीड तासाने थांबा, आणि दुपारी तीनच्या आत मुक्काम. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची, कारण जेथे जागा राखता येत नाही तेथे लवकर पोचणे हेच राखून ठेवणे. डिझेलचे काटे अर्ध्यावर आले की पुढचा पंप दिसेल तेथे टाकी भरावयाची, हेही त्यातच आले. १९४९ पासून दरवर्षी निघणारी ‘द माइलपोस्ट’ नावाची मार्गदर्शिका मी दादाकडून मागविली. तिच्यात मैलामैलाची नोंद असते. अण्णांनी ती कादंबरीसारखी वाचली.

राखून ठेवल्या त्या फक्त नऊ रात्री: लायर्डच्या उष्ण झऱ्यांपाशी एक, कारण तेथे उन्हाळ्यात गर्दी फार, एक जुलैला कॅनडाचा राष्ट्रीय दिन असतो म्हणून व्हाइटहॉर्सला दोन, आणि बाकीच्या जोडणीच्या तळांवर. ह्यानंतर मी नकाशावर लाल पेन्सिलीने रुग्णालये खुणावली: फोर्ट नेल्सन, वॉटसन लेक, व्हाइटहॉर्स. त्यांच्या मधली अंतरे पाचशेच्या आसपास. दादाने आईवडिलांचा विमा उतरविला तेव्हा आधीपासून असलेल्या आजारासंबंधीचे कलम मी दोनदा वाचून घेतले. ते बारीक अक्षरांत असते आणि तेच कामाचे असते.

अलास्कात शिरण्यासाठी अमेरिकेचा व्हिसा हवा. आईवडिलांना मुलाखतीची तारीख २०२५ सालची मिळाली. अण्णा दोन दिवस बोलले नाहीत. मग त्यांनीच मार्गदर्शिकेतून तोड काढली: क्लुएन सरोवराच्या काठी ‘सोल्जर्स समिट’ नावाची जागा आहे, २० नोव्हेंबर १९४२ रोजी रस्त्याचे उद्घाटन तेथेच झाले, आणि ती कॅनडाच्या हद्दीत आहे. रस्त्याचे शेवटचे टोक नाही तर नाही, फीत कापली ती जागा तरी पाहता येईल.

मे महिन्यात आणखी एक विघ्न आले. १० मे २०२४ रोजी वणव्यामुळे फोर्ट नेल्सन खाली करण्याचा हुकूम निघाला आणि हजारो माणसांना घरे सोडावी लागली. आमच्या तक्त्यातील एक मुक्कामाचे गाव आणि एक रुग्णालय एकाच दिवशी पुसले गेले. महिनाअखेर लोक परतले. उत्तरेकडे आता उन्हाळा म्हणजे धुराचाही ऋतू होऊन बसला आहे, आणि म्हणूनही मोकळ्या रात्री हाताशी असाव्यात.

आम्ही २२ जूनला निघालो. सारा वृत्तान्त सांगत नाही. फोर्ट नेल्सनच्या पश्चिमेला रस्त्याकडेची झाडे काळी उभी होती. पाचव्या दिवशी मंचो सरोवराच्या काठी सरकारी तळावर जागा मिळाली. पाण्याचा रंग मोरचुदासारखा, आणि रस्त्यात खनिजे चाटीत उभ्या असलेल्या रानमेंढ्या. त्या रात्री अण्णांची पावले सुजली आणि आडवे झाल्यावर त्यांना दम लागू लागला.

फोर्ट नेल्सन मागे सुमारे दोनशे चाळीस किलोमीटर, वॉटसन लेक पुढे तितकेच किंवा थोडे अधिक. टेलिफोनला संकेत नाही. अण्णांना उशांवर टेकवून बसते केले, दम तासाभरात खाली आला. दादा म्हणाला, “आत्ताच निघू, रात्रीही उजेड आहे.” वहिनी म्हणाली, रात्रीच्या वाटेवर रानरेडे आडवे येतात, आणि एवढी लांब गाडी एकाएकी थांबत नाही. आई काहीच बोलली नाही, ह्याचे मला अधिक भय वाटले. अण्णांनीच निकाल दिला. “मला आत्ता बरे वाटते आहे. उद्याचा दिवस पाय वर करून पडतो. पुन्हा दम लागला तर मी लपविणार नाही, तेवढा शब्द घ्या.”

दुसरा दिवस आम्ही तेथेच काढला. लायर्डची राखलेली रात्र बुडाली, तिचे पैसेही गेले. दादाने तक्त्यातला तो चौकोन निमूटपणे खोडला. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघून दुपारपूर्वी वॉटसन लेकचे रुग्णालय गाठले. डॉक्टरीणबाईंनी तपासून लघवीची गोळी वाढविली आणि जेवणात काय असते ते विचारले. लोणचे आणि पापड ह्यांचे वर्णन मला भाषांतरित करावे लागले. मिठाचे प्रमाण ऐकून त्यांनी हातातले पेन खाली ठेवले. आईने त्याच दिवशी बरणीला दोरी बांधून ती वरच्या कपाटात टाकली. पुढे जाण्यास परवानगी मिळाली, मात्र रोज सकाळी वजन करण्याची अट होती.

त्याच गावात फलकांचे एक रान आहे. १९४२ मध्ये कार्ल लिंडली नावाच्या सैनिकाने आपल्या गावची आठवण येऊन पाटी ठोकली, आणि त्यानंतर जगभरचे प्रवासी हजारो पाट्या लावीत आले. अण्णांनी लोणंदच्या पेंटरकडून रंगवून आणलेली देवनागरी पाटी तेथे लावली. ती किंचित तिरपी बसली आहे.

उजेडाचे एक सांगावयाचे राहिले. व्हाइटहॉर्सला जूनअखेर सूर्य रात्री साडेअकराच्या सुमारास मावळतो आणि पुरता अंधार होतच नाही. आईपुढे दिवेलागणीचा प्रश्न उभा राहिला. शेवटी तिने घड्याळाप्रमाणे सात वाजता दिवा लावण्याचे ठरविले, भर उन्हात. असा प्रवास करणाऱ्यांनी खिडक्यांना जाड काळे पडदे अवश्य न्यावेत. नाहीतर म्हाताऱ्या माणसांची झोप उडते.

क्लुएनच्या तळावर वाळवंटासारखी धूळ उडत होती. २०१६ साली कास्कावुल्श हिमनदी मागे हटल्यामुळे तिचे पाणी एकाएकी दुसऱ्या खोऱ्याकडे वळले आणि सरोवराला मिळणारी मोठी नदी जवळजवळ कोरडी पडली. ही धूळ तिच्याच पात्रातली. सोल्जर्स समिटची चढण लहान आहे, अण्णांना ती पाच वेळा बसून चढावी लागली. वर त्यांनी दृश्याकडे फारसे पाहिले नाही. जुन्या रस्त्याची उरलेली कड पाहून ते म्हणाले, “वरचे शेवाळ खरवडले म्हणून खालचा बर्फ वितळला आणि रस्ता खचत गेला. नुसते खोदून भागत नाही, जमिनीला पांघरूण ठेवावे लागते.” मग वहीत त्यांनी काही आकडे लिहिले.

परतताना लायर्डला आम्ही दुपारी एक वाजता पोचलो आणि न राखता जागा मिळाली. झऱ्यापर्यंत दलदलीवरून फळ्यांची वाट आहे. अण्णांना गरम पाण्यात उतरण्याची मनाई होती. ते काठावरच्या बाकावर बूट घालून बसले आणि फळ्यांचे खिळे कसे मारले आहेत ते पाहत राहिले. आई मात्र नऊवारी खोचून गुडघाभर पाण्यात उभी होती, आणि अर्धा तास झाला तरी बाहेर यावयास तयार नव्हती.