चमच्याचं आयुष्य किती?

प्लास्टिकचा चमचा आता इतिहासजमा (निदान कागदोपत्री तरी!). महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे चमचे, काटे, स्ट्रॉ देशभर बंद झाले. मग गॅदरिंगच्या फूड स्टॉलवर ठेवायचं काय? दुकानदार दोन उत्तरं देतात. एक ‘बायोडिग्रेडेबल’ आणि दुसरं म्हणजे जेवण झालं की चमचाही खाऊन टाका!

इंजिनिअरिंगवाल्यांना टेस्टिंगशिवाय चैन कुठली? मेसच्या वाफाळत्या आमटीत आम्ही तीन चमचे उभे केले. पहिला पीएलएचा, म्हणजे मक्याच्या स्टार्चपासून बनणाऱ्या प्लास्टिकचा. दुसरा लाकडी, तिसरा ज्वारीच्या पिठाचा. पीएलए साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडतं, त्यामुळे त्या चमच्याने लगेच मान टाकली. (उष्णता सोसणारा प्रकारही मिळतो, आमच्याकडचा साधा होता.) लाकडी चमचा ढिम्म हलला नाही, फक्त आमटीला आइस्क्रीमच्या काडीची चव आली. ज्वारीचा आधी ताठ होता, मग कडेने भिजत गेला. पहिला भात संपेपर्यंत टिकला, दुसरा वाढून घेतल्यावर नाही.

पण खरं सांगू का, ही परीक्षा अर्धीच आहे. चमचा वापरात असतो जेमतेम अर्धा तास. त्यानंतर तो जातो कुठे? पीएलए कुजायला ५८ अंशांच्या आसपासची उष्णता, ओलावा आणि योग्य जीवाणू लागतात. हे सगळं मोठ्या कंपोस्ट प्लांटमध्ये जमतं, मेसमागच्या ढिगाऱ्यात नाही. तिथे तो वर्षानुवर्षं पडून राहतो, अगदी प्लास्टिकसारखाच. लेबल खोटं नसतं, पण त्याची अट कोणी वाचत नाही. ज्वारीच्या चमच्याला अटच नाही. आपण नाही खाल्ला तर मुंग्या आहेतच!

हैदराबादच्या नारायण पीसपाटी यांनी ज्वारी, तांदूळ आणि गव्हाच्या पिठाचे असे चमचे बनवले आणि २०१६ मध्ये त्यांचा व्हिडिओ जगभर फिरला. सगळ्यांना केवढं नवल! पण भेळेची चपटी पुरी म्हणजे दुसरं काय? पिठल्यात बुडवलेला भाकरीचा तुकडा तरी काय? पाणीपुरीची पुरी तर काही सेकंदच टिकते आणि तेवढंच तिचं काम असतं. वस्तू कामापुरती टिकावी आणि मग निमूट संपावी, यालाच तर आपण डिझाईन लाइफ म्हणतो.

आता ज्वारीच्या चमच्याचीही उणी बाजू. पावसाळ्यात तो वातड होतो, महाग पडतो आणि दहा जणांचे हात लागलेला दांडा खायला मन धजत नाही. नाहीच खाल्ला, तर ते चक्क अन्न वाया घालवणं झालं. ज्वारी पिकवायला कोणीतरी घाम गाळलेला असतो.

म्हणून माझं मत असं: भेळेला पुरी, आइस्क्रीमला कोन, गरम सूपला लाकडी चमचा. आणि रोजच्या मेसमध्ये आपला स्टीलचा. तो कुजत नाही, खाताही येत नाही, पण धुतला की उद्या पुन्हा हजर! फक्त एक विनंती, तो रूमवर नेऊ नका. दर सेमिस्टरला मेसमधले चमचे गायब होतात, मग डिस्पोजेबलचा बॉक्स येतो आणि मागचा ढिगारा आणखी वाढतो.