काळा रंग

"काळी गाडी घेऊ नकोस" हे मला तिघांनी सांगितलं होतं. शोरूममधल्या सेल्समनने (त्याच्याकडे पांढऱ्या गाड्या पडून होत्या), बायकोने (उन्हात तापते म्हणून) आणि अण्णांनी. पहिल्या दोघांची कारणं मला पटली नाहीत, आणि अण्णांनी कारण सांगितलंच नाही. नुसतं म्हणाले, "सांभाळावी लागते रे."

मी अर्थातच काळीच घेतली. २०१६ ची गोष्ट.

आमच्या घरची मंडळी हे वाचणार आहेत, म्हणून आधीच सांगतो, पुढचं सगळं अण्णांना विचारून लिहितोय. "लिही की, त्यात काय लपवायचंय" असं ते म्हणाले. लपवायचं होतं ते मला. तेच लिहायला बसलोय.

अण्णांची गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. आमच्याकडे तिला कोणी पद्मिनी म्हणत नाही, फियाटच म्हणतात. घेतली तेव्हा ती मळकट पांढरी होती. १९९१ साली अण्णांनी तिला साताऱ्यातल्या एका पेंटरकडून काळा ड्युको मारून घेतला. पत्रा घासून, लांबी भरून, प्रायमर मारून, वर काळे हात. पंधरा दिवस गाडी तिथे होती आणि अण्णा रोज ऑफिस सुटल्यावर बघायला जात. गाडी घरी आली त्या दिवशी समोरचे काका म्हणाले, "आता वर पिवळं टप आणि मीटर तेवढं बसवा, दादरला धंदा होईल!" सगळी आळी हसली. अण्णाही हसले, पण गाडीवरून हात फिरवत.

तेव्हापासून गाडीला पॉलिश करणं हा आमच्या घरातला एक कुळाचार झाला. दसऱ्याच्या आधीचा रविवार. पहाटे, ऊन यायच्या आत. अण्णा आधी बॉनेटवर तळहात ठेवून बघत. पत्रा गार लागला तरच काम सुरू. मग नुसतं पाणी ओतायचं. धूळ वाहून जाईपर्यंत कपडा लावायचा नाही. कोरडी धूळ पुसणं म्हणजे पॉलिशपेपरने घासणं, हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलंय की परवचा म्हणावा तसं म्हणू शकेन. कपडा म्हणजे त्यांची जुनी बनियन, शिवण कापून टाकलेली, कारण शिवणीचा दोरा ओरखडे पाडतो. जमिनीवर पडलेलं फडकं परत गाडीला लागायचं नाही. ते सायकलला.

मग बोटभर कॉम्पाउंड. गोल गोल घासायचं नाही, सरळ, गाडीच्या लांबीच्या दिशेने. फडकं काळं व्हायचं. मला लहानपणी भीती वाटायची की सगळा रंग निघून येईल. ती भीती अगदीच खोटी नव्हती, हे फार उशिरा कळलं.

त्यानंतर मेण. डब्यातलं पिवळसर पॉलिश. ते अण्णा इतकं कमी घेत की आई म्हणायची, "एवढी काटकसर तुपात केली असती तर!" एक दार लावून झालं की थांबायचं. पॉलिश धुरकट झालं की बोटाने एक रेघ ओढून बघायची. खालचा रंग स्वच्छ दिसला तर पुसायची वेळ झाली, बोटाला फरफटलं तर अजून थांबा. आणि शेवटी, काम नीट झालं की नाही हे ते डोळ्यांनी बघत नसत. बोटांच्या मागच्या बाजूने बघत. हात पाण्यावरून गेल्यासारखा गेला पाहिजे.

दसऱ्याच्या दिवशी आईशी ठरलेलं भांडण. तिला बॉनेटवर ओल्या हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढायचं असे आणि अण्णांना ते काचेवर हवं असे, कारण हळद रंगात मुरते. दरवर्षी आई जिंकायची. दरवर्षी दुपारी सगळे झोपले की अण्णा गुपचूप ओलं फडकं घेऊन बाहेर जायचे.

काळा रंग एवढा हट्टी का, याचं उत्तर मला माझी गाडी घेतल्यावर मिळालं. पांढरा रंग त्याच्यावर पडलेला बहुतेक उजेड सगळीकडे उधळून देतो. त्या उजेडात बारीकसारीक ओरखडे लपून जातात. काळा रंग उजेड गिळून टाकतो. उरतं ते फक्त वरच्या पृष्ठभागावरून परत येणारं प्रतिबिंब. म्हणजे काळी गाडी चमकते तेव्हा आपण रंग बघतच नसतो, समोरचं झाड, आकाश आणि आपलंच तोंड बघत असतो. पृष्ठभाग सपाट असेल तर झाड जागच्या जागी दिसतं. त्यावर केसाएवढे ओरखडे असतील तर प्रत्येक ओरखडा थोडा थोडा उजेड भलतीकडे फेकतो आणि उन्हात कोळ्याचं जाळं दिसायला लागतं.

माझ्या गाडीवर हे जाळं सहा महिन्यांत विणलं गेलं. आमच्या सोसायटीत रोज सकाळी गाड्या पुसायला एक मुलगा येतो. एक बादली, एक फडकं, पंचवीस गाड्या. माझा नंबर अठरावा-एकोणिसावा असावा. आधीच्या सतरा गाड्यांची माती रोज माझ्या बॉनेटवर घासली जात होती, आणि त्याचे मी महिन्याला पैसे देत होतो. त्या पोराचा काय दोष? त्याला कोणी दुसरी बादली दिली नव्हती. मीही नाही.

मग मी वाचायला लागलो. हल्लीच्या गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. साधारण ४० ते ५० मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे आपण ज्याला चमक म्हणतो ती सगळी केसापेक्षा पातळ थरात राहते. पॉलिश म्हणजे त्या थरातला ओरखड्याच्या खोलीइतका भाग घासून काढणं. ओरखडा भरत नाही, त्याच्या आजूबाजूचं उतरवून त्याच्या पातळीला आणायचं असतं. मेणाचं काम वेगळं. ते फक्त वर बसतं आणि काही आठवड्यांनी निघून जातं. चांगल्या पॉलिशमधलं कार्नोबा मेण ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरून येतं, आणि ते ८० अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. आपण मात्र पॉलिश आणि मेण दोघांनाही पॉलिशच म्हणतो आणि घोटाळा करून ठेवतो.

मी ही सगळी विद्वत्ता फोनवर अण्णांना ऐकवली. ते म्हणाले, "हो, कॉम्पाउंड खातं आणि मेण झाकतं. म्हणून तर वर्षातून एकदाच खायला द्यायचं."

हे ऐकूनसुद्धा मी पुढचा उद्योग केला.

२०२२ साली अण्णांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. तोवर त्यांचं पॉलिश थांबलं होतं. खांदा दुखायचा, आणि डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता, पण ऑपरेशनला तयार नव्हते. फियाट धुरकट झाली होती. मला वाटलं, वाढदिवसाला गाडी चकाचक करून द्यावी. "जरा टायर बघून घेतो" असं सांगून घेऊन गेलो आणि एका ठिकाणी मशीनवर रबिंगला दिली. "एकदम आरसा करा" असं मीच सांगितलं.

आरसा झाला. बॉनेटमध्ये वरची वीजेची तार मोजता येईल असा. फक्त डाव्या मडगार्डच्या कडेवर बोटभर लांबीचा राखाडी पट्टा उमटला होता. प्रायमर. कडेवर रंग मुळातच पातळ बसतो आणि मशीनचा सगळा जोर तिथेच येतो. पारदर्शक थर वगैरे या गाडीला नाहीच, जे आहे तो रंगच. एकतीस वर्षं अण्णांनी बनियनने हळू हळू घासून जो पुरवून पुरवून वापरला, तो मी एका दुपारी संपवला.

गाडी घेऊन घरी आलो. अण्णांनी डोळे बारीक करून बघितलं, हात फिरवला, बॉनेटवरून मडगार्डकडे. माझा श्वास अडकला. हात क्षणभर थांबला असं वाटलं. मग म्हणाले, "झकास. चहा घे आता."

त्यांना दिसलं नाही, असं मी धरून चाललो. आणि सांगितलं नाही. पुढची दोन वर्षं साताऱ्याला गेलो की मी गाडी अशी लावायचो की डावी बाजू भिंतीकडे येईल. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या, तेव्हा अण्णा पेपरातला फोटो नाकाशी धरून बघत होते. "आता आपलीच राहिली," म्हणाले. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

शेवटी २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ते ऑपरेशनला तयार झाले. सगळ्यांना आनंद. मलाही होता, पण खरं सांगायचं तर पोटात गोळाही होता. उद्या पट्टी निघणार, परवा अंगणात जाणार, आणि त्यांना दिसणार. ते आपलं आपण दिसण्याआधी मी सांगायला हवं होतं.

हॉस्पिटलमधून घरी आणताना, माझ्या गाडीत, पोवई नाक्याच्या गर्दीत अडकलो असताना मी सांगितलं. डोळ्यावर पट्टी बांधून ते शेजारी बसले होते. "अण्णा, फियाटचं एक सांगायचंय."

"डाव्या मडगार्डचं ना?"

मी गप्प.

"मला त्याच दिवशी कळलं. हाताला लागलं की."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझं तोंड केवढं झालं होतं. आणि बोलून रंग परत येतो का?"

मागून कोणीतरी हॉर्न वाजवला, आणि मी गिअर टाकला. बस, एवढंच बोलणं झालं. दोन वर्षं मी त्यांच्यापासून लपवत होतो, आणि ते माझ्यापासून.

दुसऱ्याही डोळ्याचं झाल्यावर महिन्याभराने आम्ही अंगणात बसलो. पूर्ण रंगवून घेऊया म्हटलं तर नको म्हणाले. "त्या पेंटरच्या हाताचा आहे तो रंग, तो माणूसही राहिला नाही." मग एका बाटलीत काळा रंग आणला आणि मुलीच्या चित्रकलेच्या बारीक ब्रशने त्या पट्टीवर तीन पातळ हात दिले. नीट सुकू दिला. काही आठवड्यांनी वर मेण. घासायचं काम माझ्याकडे, बघायचं त्यांच्याकडे. "जोर लावू नकोस. जोराने काही होत नाही." तिरकं बघितलं तर ती जागा अजून ओळखू येते. अण्णा तिथेच हात ठेवून उभे राहतात.

त्याच दिवशी नव्या डोळ्यांनी त्यांनी माझी गाडी पहिल्यांदा उन्हात बघितली. "अरारारा! हे काय करून ठेवलंयस!"

माझ्या गाडीला मी मशीन लावलं नाही. आहे ते जाळं राहू दे, थर तेवढा वाचवायचा असं ठरलंय. सोसायटीतल्या त्या मुलाला सांगितलं, पैसे तेवढेच घे, पण माझ्या गाडीला फडकं लावू नकोस. त्याला वाटतं मी चिडलोय. शेजारी विचारतात, गाडी विकायला काढली का, एवढी धूळ? मी म्हणतो, नाही हो, सांभाळतोय.