मडक्याला कान लावून

माणसाला एखादा छंद असावा, असे सगळेच सांगतात. पण तो कोणता असावा याविषयी मात्र घरोघर मतभेद असतात. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी गुलाबाची कलमे बांधतो. असे छंद पाहुण्यांपुढे उघडपणे मांडता येतात. माझी पंचाईत अशी, की मला लहानपणापासून नाद लागला तो आंबवण्याचा! बंद मडक्यात काय चालले आहे ते कान लावून ऐकायचे, हा माझा छंद. छत्तीस वर्षे प्राथमिक शिक्षकाची नोकरी केलेल्या माणसाने ही गोष्ट छापून सांगावी का, असा प्रश्न आमच्या घरात निघाला. पण आता पेन्शन सुरू होऊनही बरीच वर्षे झाली. तेव्हा सांगूनच टाकतो.

सुरुवात आजोबांपासून झाली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी ते वैद्यकी करीत आणि दरवर्षी घरीच द्राक्षासव घालीत. मनुकांचा काढा, गूळ आणि धायटीची फुले मडक्यात भरायची, तोंड कापडमातीने लिंपायचे आणि मडके भाताच्या कणगीत पुरून ठेवायचे. महिनाभर त्याला कोणी हात लावायचा नाही. मधूनच आजोबा मला जवळ बोलावीत आणि म्हणत, "कान लाव बघू." आत चुलीवाचून काहीतरी रटरटत असे. महिना संपला की ते तोंडाशी फट करून पेटती काडी धरीत. काडी विझली म्हणजे आतून वायू निघतो आहे, काम चालू आहे. काडी जळत राहिली म्हणजे आसव तयार झाले. माझे वडील सेवादलातले, खादीधारी. दारूचे नाव काढले तरी त्यांच्या कपाळाला आठी पडे. पण जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव ते नेमाने घेत. आसवात आपोआप तयार झालेले मद्य थोडेफार असतेच, हे मी पुढे वाचले. पण त्यांना सांगण्याचे धाडस मला कधी झाले नाही.

१९७९ च्या जूनमध्ये मला नोकरीचा हुकूम आला तो थेट सातपुड्यातला. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता. तो मुलूख धुळे जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ रोजी तो वेगळा झाला. सुरतेच्या रेल्वेमार्गावर नंदुरबारला उतरायचे, अक्कलकुवा गाठायचे, देवगोईचा घाट चढायचा, आणि मोलगीच्या अलीकडे एका पाड्यावर पायी जायचे. शाळा म्हणजे एक खोली आणि चोवीस मुले. घरी पत्र लिहिले, "सर्व क्षेम आहे." त्या पत्रात तेवढे एकच वाक्य खोटे होते.

होळीनंतरच्या एका सकाळी शाळा उघडली, तर एकही मूल नाही! तासभर वाट पाहिली आणि हजेरीपट घेऊन मुले शोधायला निघालो. शाळेची सगळी मुले मोहाच्या झाडांखाली सापडली. मोह फुलला की पहाटेपासून त्याची फुले टपटप गळतात. पांढुरकी, मांसल, रसाने भरलेली; बोटांत धरले तर द्राक्ष धरल्यासारखे वाटावे. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जमीन साफ केलेली होती, आणि माझे चोवीस विद्यार्थी टोपल्या घेऊन बसले होते. मी हजेरीपट उघडून रागावलो. तेव्हा एक म्हातारी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "गुरुजी, तुझी शाळा रोज आहे. मोह पंधरा-वीस दिवसच आहे. तू पण बस."

मी बसलो. हजेरीही तिथेच झाली.

तिला सगळा पाडा 'याहा' म्हणे. याहा म्हणजे आई. देवमोगऱ्याची याहा मोगी हे इकडच्या भिलांचे मोठे दैवत आहे. मीही तिला याहाच म्हणू लागलो. तिच्याकडून मला मोह कळला. फुले उन्हात वाळली की मनुकांसारखी तपकिरी होतात. वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. कोणी ती भाजून खातात, कोणी धान्याबरोबर शिजवून. धान्य संपले की पावसाळ्यात हीच फुले घर तारतात. फुले संपली की फळे येतात, त्यांतल्या बियांना तिकडे डोळी म्हणतात, आणि डोळीचे तेल निघते. एवढे देणाऱ्या झाडाला आपण शहरातली माणसे एका दारूपायी ओळखतो.

पण दारूही होतीच, आणि माझे कान तिथेच टवकारले. याहाच्या झोपडीत, कोपऱ्यात, एक जुने काळे मडके होते. त्यात वाळलेली फुले पाण्यात भिजत घातलेली. मी न राहवून कान लावला. आतून आजोबांच्या कणगीतला तोच आवाज आला! मी खिशातून काडेपेटी काढली आणि पेटती काडी तोंडाशी धरली. काडी विझली. "अजून दोन दिवस," मी म्हणालो. याहा हसत म्हणाली, "गुरुजी, हे तुला कोणत्या शाळेत शिकवले?" त्या दिवसापासून मी त्या घरातला झालो.

दोन दिवसांनी ओहोळाच्या काठी चूल मांडली गेली. मडक्यावर मडके, सांध्याला चिखल, मधून बांबूची नळी, आणि नळीच्या टोकाशी थंड पाण्यात बसवलेले दुसरे भांडे. पहिली धार आली तेव्हा मला वाटले, आता वाडगे भरले जाणार. पण याहाने ती धार पानाच्या द्रोणात धरली आणि काही थेंब जमिनीवर सोडले. आधी देवाला, मग घरातून गेलेल्यांना. त्यांची नावे ती एकेक करून घेत होती. नावे संपेपर्यंत कोणी द्रोणाला हात लावला नाही. 'पहिल्या धारेची' हा शब्द आपण चेष्टेने वापरतो. त्या दिवसापासून तो माझ्या तोंडी चेष्टेने आलेला नाही.

पुढच्या वर्षी मी स्वतः एक मडके घातले. दारू गाळणे कायद्याने गुन्हा आहे हे मला ठाऊक होते, म्हणून फक्त आंबवून बघायचे असा माझा बेत होता. पण उतावीळपणा नडला. रोज सकाळ-संध्याकाळ झाकण काढून मी आत डोकावत असे. दहाव्या दिवशी असा आंबट भपकारा आला की डोळ्यांत पाणी उभे राहिले. याहाने बोट बुडवून चाटले आणि ती पोट धरून हसली. म्हणाली, "गुरुजींच्या हातची दारू भाजीत घालायची!" माझ्या मडक्याचा शिरका झाला होता. पुढे पुस्तकात वाचले, की आंबवण्याचे काम जिवंत किण्व करतात हे लुई पाश्चरने १८५७ च्या सुमारास दाखवले. आणि हवा लागली की दुसरे सूक्ष्म जीव मद्याचा शिरका करतात, हेही त्यानेच पुढच्या काही वर्षांत मांडले. पाश्चरचे म्हणणे मी न वाचताच सिद्ध केले होते.

इथपर्यंतच्या आठवणी मी मित्रमंडळींत अनेकदा सांगितल्या आहेत. यापुढची मात्र कधी सांगितली नाही.

मला याहाच्या हातच्या दारूचे फार कौतुक होते, आणि कौतुक करणाऱ्याला साक्षीदार लागतात. मी ओळखीच्या दोन शिक्षकांना पाड्यावर घेऊन आलो. त्यांनी आणखी कोणाला आणले. रस्त्याच्या कामावरचे लोक येऊ लागले. पाहुण्याला विकत द्यायचे याहाला पटेना. पण जाताना पाहुणे पैसे ठेवून जात, आणि ते उचलायला तिचा मुलगा होता. दोन वर्षांत ओहोळाकाठी पत्र्याचे पिंप आले. मोह पुरेना, तेव्हा बाजारातून काळा गूळ आला. सडवा लवकर फुलावा म्हणून नवसागर आला. मुलगा विकता विकता पिऊ लागला, आणि प्याल्यावर बायकोवर हात टाकू लागला. हे सगळे मी पाहत होतो, आणि 'माणसाला पेलत नाही, त्याला मोहाचा काय दोष' असे म्हणत होतो.

याहाचा नातू माझ्याकडे चौथीत होता. गणितात त्याच्या तोडीचा दुसरा मुलगा नव्हता. १९८४ च्या हिवाळ्यात तो शाळेत येईनासा झाला. पंधरा दिवसांनी आला तो पेंगत. मी त्याची वही तपासायला घेतली. उजवीकडच्या पानावर बेरजा होत्या. मी घातलेल्या नव्हत्या. नावे, पुढे बाटल्या, पुढे पैसे, खाली बेरीज. अक्षर सुरेख, हातचे अचूक. चौथ्या ओळीत लिहिले होते, 'गुरुजी, बाटल्या २, बाकी.'

रात्री पिंपापाशी राखण करून हिशेब ठेवायचे काम त्या दहा वर्षांच्या मुलाकडे आले होते. बेरीज मीच शिकवली होती.

ती वही घेऊन मी याहाकडे गेलो. तिला वाचता येत नव्हते. मी पान मोठ्याने वाचले. माझी ओळ गाळावी असे क्षणभर वाटले, पण तीही वाचली. ऐकून ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "माझ्या आईने गुला महाराजांच्या वेळी मडकी फोडली होती. मी लहान होते. मला वाटले, आई वेडी झाली."

गुलाम महाराज हे तळोदा तालुक्यातले भिल संत. १९३७-३८ मध्ये त्यांच्या आरतीला हजारो आदिवासी जमत आणि दारू सोडण्याची शपथ घेत. १९३८ मध्ये ते वारले. पण त्यांचे नाव डोंगरात राहिले. याहाची सून शहाद्याकडची होती. तिकडे १९७२ च्या सुमारास बायकांनीच गावोगाव फिरून दारूची मडकी फोडली होती, आणि हिने ते मुलगी असताना पाहिले होते. ती आतापर्यंत दाराआड उभी होती. ती पुढे आली आणि एवढेच म्हणाली, "चल, याहा."

दोघी ओहोळावर गेल्या. मी मागे होतो. याहाने दगड उचलून पिंपाचे बूड फोडले. सडवा वाहून गेला आणि त्याच्या वासाने सगळा पाडा गोळा झाला. मुलगा धावत आला, ओरडला. पण तोवर दहा-बारा बायका उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांच्यापुढे तो खाली बसला. घरातले जुने काळे मडके मात्र याहाने फोडले नाही. "हे देवाचे आहे," ती म्हणाली. "हे विकायचे नाही."

पाड्यावरची दारू सुटली असे लिहायला मला आवडले असते. पण तसे झाले नाही. विक्री थांबली, एवढेच. मुलगा ऊसतोडीला गुजरातेत गेला, अधूनमधून येत राहिला. नातू मात्र शाळेत आला, आणि मी माझ्या दोन बाटल्यांची बाकी त्याच्या आईच्या हातात दिली. त्या दिवसानंतर मी कोणत्याही पाहुण्याला पाड्यावर नेले नाही. १९८६ मध्ये माझी बदली झाली.

कायद्याला देवाचे मडके आणि विक्रीचे पिंप यांतला फरक कधीच दिसला नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरची गाळणी बंद करून लोकांना ठेकेदाराच्या दुकानात पाठवले. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने दोन्हींना एकच शिक्षा ठेवली. आता नर्मदेपलीकडे अलीराजपूर जिल्ह्यात मोहाची दारू सरकारी परवान्याने वारसा म्हणून बाटलीत भरतात. बरे आहे, चार पैसे झाडाखाली बसणाऱ्या बायकांच्या हाती पडले तर आणखी बरे. पण बाटली आली की हिशेबाची वही येते, आणि ती कोणाच्या हातात आहे ते कोणीतरी बघायला हवे.

याहा जाऊन बरीच वर्षे झाली. नातू आता मोलगीकडे आरोग्य खात्यात आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने मोहफुले गोळा करण्यावरचे आणि साठवण्यावरचे निर्बंध उठवले, आणि पुढच्याच वैशाखात त्याच्याकडून वाळलेल्या फुलांची एक पिशवी आली. तेव्हापासून दरवर्षी येते. मी त्यांचा शिरका घालतो. झाकण आता मुद्दामच उघडे ठेवतो, वर नुसते फडके. दिवाळीत लोणच्याला आणि कांद्याच्या कोशिंबिरीला तो घरात सगळ्यांना लागतो, त्यामुळे माझ्या छंदाला आता पाहुण्यांपुढे मान आहे.

फुले भिजत घालताना मी पहिले ओंजळभर पाणी अंगणातल्या तुळशीपाशी सोडतो. तेव्हा आधी आजोबांचे नाव घेतो, मग याहाचे. बायको विचारते, "हे काय नवीन?" मी सांगतो, "जुनेच आहे." आणि चौथ्या दिवशी मडक्याला कान लावतो.