केळी, बुरशी आणि देशीपणाचा प्रश्न

केळीला बी नसते. जळगाव जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला हे कुणी शिकवावे लागत नाही. कंद आणि पील त्याने लहानपणापासून पाहिलेले असतात. आमच्या घरी आजोबांच्या काळी बसराई होती, पुढे टिश्यू कल्चरची ग्रँड नैन आली. दोन्ही कॅव्हेंडिश गटातल्या. यावल-रावेरकडे नजर पोहोचेल तिथवर पसरलेली ग्रँड नैनची बाग वस्तुतः एकाच झाडाच्या असंख्य प्रती आहेत. साहित्याच्या अभ्यासकाला हे निराळ्या शब्दांत सांगता येईल: या संहितेला पाठभेद नाहीत. पोथीच्या दहा प्रती असल्या तर एकीतला दोष दुसरीवरून उमगतो, दुरुस्त होतो. इथे एका प्रतीत जे उणे, ते सगळ्यांत उणे.

याचा अर्थ जगाने एकदा पाहिला आहे. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत जागतिक व्यापारात ग्रो मिशेल ही केळी होती. फ्युजॅरियम या बुरशीच्या मर रोगाने ती मळेच्या मळे गेली आणि १९५०-६० च्या दशकांत तिची जागा रोगाला दाद न देणाऱ्या कॅव्हेंडिशने घेतली. आता त्याच बुरशीचा ‘ट्रॉपिकल रेस ४’ हा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो. तो बिहारमध्ये आढळल्याची शास्त्रीय नोंद २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. ही बुरशी मुळांतून शिरते, पाणी वाहून नेणाऱ्या नलिका बंद करते आणि झाड गेल्यावरही तिचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतात. करप्यासाठी फवारणी तरी करता येते; मर रोगाने धरलेल्या झाडाला औषध नाही.

या प्रश्नावरचे एक उत्तर मुंबईत, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात शोधले गेले. सिद्धेश घाग, उपेंद्र शेखावत आणि टी. आर. गणपती यांनी २०१२ मध्ये पेट्युनियाच्या फुलांतील दोन डिफेन्सिनांची जनुके रसथाळी जातीच्या केळीत घातली. त्या रोपांनी फ्युजॅरियमचा मुकाबला साध्या रोपांपेक्षा चांगला केला. पुढे २०१४ मध्ये स्टेलारिया मीडिया या तणाचे डिफेन्सिनही त्यांनी केळीत आणून पाहिले. डिफेन्सिन म्हणजे साधारण पन्नास अमिनो आम्लांची लहानशी साखळी, गंधकाच्या बंधांनी घट्ट गुंडाळलेली. बुरशीच्या पेशीपटलाशी ती भिडते, पटलाची घडी बिघडते आणि बुरशीच्या तंतूची वाढ खुंटते. वनस्पतींचे हे जुनेच शस्त्र आहे. मुळ्याचे बी रुजताना फुटते तेव्हा अशीच पेप्टाइडे त्यातून भोवतालच्या मातीत झिरपतात आणि कोवळ्या अंकुराभोवती बुरशीला अटकाव करतात. हे वाचले तेव्हा मला प्रथम विज्ञान आठवले नाही, बाळंतिणीच्या खोलीबाहेर ठेवलेला विस्तव आठवला.

मी धुळ्यात साहित्य शिकवतो, आणि माझी अडचण इथून सुरू होते. वर्गात देशीवाद शिकवताना विद्यार्थी हमखास एका टोकाला जातात: बाहेरून आले ते परके, म्हणून त्याज्य. पेट्युनिया मूळ दक्षिण अमेरिकेतली. तिचे जनुक आपल्या केळीत कशाला, असे एका विद्यार्थिनीने विचारले. पण ‘आपली’ केळी म्हणजे कोणती? कॅव्हेंडिश हे नाव इंग्लंडमधल्या सरदार घराण्याचे. खानदेशी भरतात पडणारी मिरचीही पोर्तुगिजांच्या मागोमाग आली. यावल तालुक्यातल्या सांगवीत जन्मलेल्या नेमाड्यांच्या मांडणीतही शुद्धतेचा सोस नाही. परक्याचे देशीकरण करण्याची ताकद हा तिचा गाभा आहे, असे मला वाटते. आमच्या अहिराणीने गुजराती, राजस्थानी, भिली सगळे पचवले आणि ती अहिराणीच राहिली.

तेव्हा आक्षेप शुद्धतेचा नव्हे, विश्वासाचा असायला हवा. खानदेशाने जनुकबदल पाहिला तो कापसात. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, बोंडअळीची फवारणी घटली; २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातली बोंडे आतून पोखरली. अळी शिकली. बुरशीही शिकेल, एकाच डिफेन्सिनवर पूर्ण भिस्त ठेवणे म्हणजे त्याच चुकीची नवी आवृत्ती काढणे. शिवाय संकरित कपाशीचे बियाणे शेतकऱ्याला दरवर्षी विकत घ्यावे लागते. केळीचे तसे नाही. तिला बी नसल्यामुळे जनुक शेजारच्या बागेत जाण्याची भीती जवळजवळ नाही, आणि पील काढून लावले तर जनुक त्यात आपोआप येते. म्हणजे कपाशीत जे हातचे गेले, ते केळीत शेतकऱ्याकडे राहू शकते. मात्र परवाना देणाऱ्याने ते राहू दिले पाहिजे. या अटीची चर्चा मी फारशी ऐकलेली नाही.

धाकट्या भावाशी, जो घरची शेती पाहतो, यावर बोलणे झाले. तो म्हणाला, “दादा, तुझं देशी-परदेशी वर्गात राहू दे. मातीत रोग बसला तर मी तिथं काय लावू, ते सांग.” मी त्याला सांगितले की ही रोपे प्रयोगशाळेतली आहेत, आपल्या जातीची नाहीत, २०१० मध्ये बीटी वांगे स्थगित झाल्यापासून या देशात जनुकबदल केलेल्या अन्नपिकाची वाट बिकट आहे, ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये रानकेळीतले जनुक घातलेल्या कॅव्हेंडिशला मंजुरी दिली, तीही डिफेन्सिनची नव्हे. त्याने सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, “म्हणजे पुढच्या मृगबागेला नाही?”

नाही. तोवर बाहेरून आलेले कंद आणि माती शेतात येऊ न देणे, खात्रीची रोपे घेणे आणि शक्य तिथे दुसऱ्या जातीचीही थोडी लागवड करणे, एवढेच हाती आहे. शेवटचा उपाय बाजाराला मानवणारा नाही. व्यापाऱ्याला एकसारखा घड लागतो. पण पाठभेदांचे मोल ज्यांना कळते, त्यांनी तरी हा आग्रह धरायला हवा.