संथ आरंभ

भेडाघाटच्या मुक्कामात माझा संगणक सुरू व्हावयास दहा-दहा मिनिटे घेऊ लागला. शेजारी म्हणाले, "नवाच घ्या, साहेब." परंतु त्याच्या पोटात वडिलांच्या पत्रांची छायाचित्रे होती, मूळ पत्रे वाळवीने केव्हाच फस्त केलेली. मंदपणा हे डिस्कच्या अखेरच्या आजाराचेही लक्षण असू शकते. म्हणून उपचारापूर्वी पत्रांची नक्कल दुसरीकडे उतरवून घेतली.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. 'स्टार्टअप'च्या यादीत संगणकाबरोबरच जागे होणारे अठरा कार्यक्रम निघाले! बहुतेक मीच कधीकाळी हौसेने घातलेले. जुन्या हार्ड डिस्कमधील वाचणारी दांडी फिरत्या तबकडीवर एका वेळी एकाच ठिकाणी पोहोचू शकते. अठरा जणांनी एकदम हाका मारल्यावर तिने कोणाकडे धावावे? धुवांधारला ऐसपैस कोसळणारी नर्मदा पुढे संगमरवरी कड्यांत कशी आवळली जाते, हे मी रोज पाहत होतो. यंत्राचे दुखणे मात्र तेव्हा उमगले.

विषाणुप्रतिबंधक तेवढा राखून, अनावश्यक चौदांचा आपोआप आरंभ बंद केला. ते पुसले नाहीत. हवे तेव्हा उघडता येतात. दुसऱ्या दिवशी चहा निवण्यापूर्वीच पडदा उजळला आणि वडिलांचे अक्षर समोर आले.

बदलीच्या प्रत्येक गावाहून आम्हीही काहीबाही बरोबर आणतो, आणि नव्या गावी मन रमावयास उशीर लागला, की दोष मात्र गावाला देतो.