शून्यलब्धी

मराठीच्या वर्गात बाळशास्त्री जांभेकर दरवर्षी येतात आणि बहुधा एकाच दाराने येतात. ‘दर्पण’, ६ जानेवारी १८३२, मराठी वृत्तपत्रसृष्टीचा आरंभ. शिक्षक थोडा हौशी असेल तर १८४५ साली त्यांनी शिळाप्रेसवर छापून काढलेल्या ज्ञानेश्वरीचाही उल्लेख होतो. त्यानंतर ग्रंथांची यादी वाचली जाते. नीतिकथा, इंग्लंड देशाची बखर, बालव्याकरण, शून्यलब्धिगणित. यादीतल्या या शेवटच्या नावापाशी क्वचितच कोणी थांबते. शून्यलब्धी म्हणजे डिफरन्शियल कॅल्क्युलस, एवढी तळटीप पुस्तकात असते आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला ती पुरते. आम्हालाही ती पुष्कळ वर्षे पुरली. हा शब्द नेमके काय म्हणतो याचा विचार करण्याची वेळ आमच्यावर एका सोळा वर्षांच्या मुलीने आणली.

ही मुलगी आमची भाची. दहावीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत शिकली. गणितात नेहमी पुढे. अकरावी विज्ञानासाठी आमच्याकडे तालुक्याच्या गावी राहायला आली. आमच्या भागात अकरावी विज्ञान म्हणजे इंग्रजी, हे सर्वांनी गृहीतच धरलेले असते. पहिले काही महिने तिने तेही निभावले. मग लिमिटचे प्रकरण सुरू झाले, आणि एके दिवशी जेवताना ती म्हणाली, “मामा, मी आर्ट्सला येऊ का?” कला शाखेच्या शिक्षकाला या प्रश्नाने आनंद व्हायला हवा. परंतु आमच्या शाखेत येणारी निम्मी मुले अशीच दुसरीकडून पाय घसरून येतात, हे आम्ही जाणून आहोत. कवितेच्या ओढीने येणे वेगळे आणि गणिताच्या धास्तीने येणे वेगळे. म्हणून आम्ही तिला विचारले की तुला नेमके काय कळत नाही. तिचे उत्तर असे होते: “शून्याने भागायचे नाही असे शाळेत शिकवले. आता शून्यानेच भागतात, आणि भागत नाही असे म्हणतात.”

ही तक्रार गणित न कळण्याची नव्हे, वाक्य काळजीपूर्वक वाचल्याची आहे, असे आम्हाला त्याच क्षणी वाटले. पण तिचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. शेजारी गणिताचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. आठवड्यातून तीन संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर जायचे ठरले. भाची शिकणार होती आणि आम्ही ऐकणार होतो. प्रत्यक्षात दोघेही शिकलो.

सरांनी विहिरीपासून सुरुवात केली. साठ-सत्तर फूट खोल विहिरीत दगड सोडला. हवेचा अडथळा बाजूला ठेवला तर दोन सेकंदांत तो १९.६ मीटर खाली जातो. क्ष सेकंदांत तो ४.९ क्ष² मीटर जातो, हा नियम. आता प्रश्न असा, की दुसऱ्या सेकंदाच्या नेमक्या त्या क्षणी त्याचा वेग किती? वेग म्हणजे अंतर भागिले वेळ. परंतु क्षण म्हणजे तर वेळच नाही. क्षणात अंतर शून्य आणि वेळही शून्य. शून्य भागिले शून्य. इथे भाषेतला ‘क्षण’ गणितात प्रथमच अडचणीचा ठरतो. बोलताना आपण “त्या क्षणी गाडी साठच्या वेगाने होती” असे सहज म्हणतो आणि या विधानाला काही अर्थ आहे का, याचा विचार करत नाही.

मार्ग असा, की क्षणाऐवजी एक छोटा काळ घ्यायचा. त्याला ह म्हणू. दोनपासून दोन अधिक ह सेकंदांपर्यंतचा सरासरी वेग काढायचा. कंस सोडवला, ह ने भागले, की उरते १९.६ + ४.९ ह. ह ०.१ घेतला तर २०.०९, ०.०१ घेतला तर १९.६४९, ०.००१ घेतला तर १९.६०४९. संख्या १९.६ कडे सरकत आहेत हे उघड दिसते. तेव्हा क्षणिक वेग सेकंदाला १९.६ मीटर. वर्गात इथे ह शून्य ठेवतात आणि गणित सुटते.

भाचीने नेमके इथेच बोट ठेवले होते. भागताना ह शून्य नव्हता, म्हणून भागता आले. भागून झाल्यावर तोच ह शून्य झाला. एकाच गोष्टीने एका ओळीत असायचे आणि दुसऱ्या ओळीत नसायचे, हे कसे चालेल? सर हसले आणि म्हणाले, “बाई, हा प्रश्न विचारणारी तू पहिली नाहीस. एका बिशपने विचारला होता.”

तो बिशप म्हणजे जॉर्ज बर्कली. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना तो ठाऊक असतो. न्यूटन आणि लायब्निझ यांनी सतराव्या शतकात हे शास्त्र उभे केले. लायब्निझचा पहिला लेख १६८४ साली छापला गेला. उत्तरे बिनचूक येत होती, ग्रहांच्या कक्षा जुळत होत्या. १७३४ साली बर्कलीने ‘द ॲनालिस्ट’ या पुस्तकात विचारले, की ही वाढ तुम्ही आधी आहे म्हणता आणि मग नाही म्हणता. दोहोंपैकी काय खरे? अशा राशींना त्याने मेलेल्यांच्या पिशाच्चांच्या रांगेत बसवले. उपहास बोचरा होता, कारण तो खरा होता. गणितज्ञांनी उत्तरे देण्याचा प्रयत्न केला, पण समाधानकारक उत्तर मिळायला शंभराहून अधिक वर्षे लागली. बोलझानो १८१७, कोशी १८२१, आणि शेवटी १८६० च्या सुमारास बर्लिनमध्ये कार्ल वायरस्ट्रास यांची व्याख्याने. युरोपातल्या श्रेष्ठ गणितज्ञांना जो पेच सोडवायला एवढा काळ लागला, तो आपल्याकडे पंचेचाळीस मिनिटांच्या तासात न उच्चारताच ओलांडला जातो. ज्याला तो जाणवतो, तो विद्यार्थी स्वतःला मंद समजू लागतो.

आमच्या भूमीतही या पेचाची चाहूल जुनी आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचे त्यात नोंदले आहे. काळ तेराव्या शतकाच्या आरंभाचा, म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही आधीचा. याच भास्कराचार्यांनी ग्रहांच्या गतीचा विचार करताना दिवसाची गती आणि तात्कालिक गती असा भेद केला. आणि लीलावतीत शून्याविषयी एक सूचना केली. एखाद्या संख्येला शून्याने गुणले आणि पुढे क्रिया बाकी असतील, तर तिचे लगेच शून्य करू नये. गुणक म्हणून ते शून्य तसेच सांभाळावे. पुढे शून्याने भागण्याची वेळ आली तर संख्या जशीच्या तशी परत मिळते. उदाहरणही दिले आहे: एका संख्येला शून्याने गुणले, त्यात तिचेच अर्ध मिळवले, तिनाने गुणले, शून्याने भागले, आणि उत्तर ६३ आले; तर संख्या कोणती? चौदा. आजच्या नियमांनी पाहिले तर ही रीत सदोष आहे, आणि हिला लिमिट म्हणणे हा काळाचा विपर्यास ठरेल. पण काम संपेपर्यंत शून्य पुसू नका, हा तिच्यातला सावधपणा सरांच्या ओसरीवरच्या ह च्याच जातीचा आहे. भाचीला हे उदाहरण फार आवडले. बाराव्या शतकातही कोणीतरी शून्याला थोपवून धरत होते, याचा तिला आधार वाटला असावा.

यापुढची अडचण मात्र भाषेची होती, आणि तिथे आमचा थोडा उपयोग झाला. लिमिट या शब्दासाठी आपण सीमा म्हणतो. सीमा म्हणजे गावाची वेस, कुंपण. दसऱ्याला आपण सीमोल्लंघन करतो, एरवी सीमा ओलांडायची नसते. भाचीच्या मनात लिमिटचे हेच चित्र बसले होते: जिथे जायचे पण पोहोचायचे नाही, अशी जागा. साहित्यिकांना हे चित्र मोहक वाटते. अनंतकाळ जवळ जात राहणारा आणि कधीही न भेटणारा प्रियकर त्यांना लगेच दिसू लागतो. सरांनी ते एका वाक्यात मोडले. जे फलन सतत पाचच राहते, त्याची सीमा कोणती? पाच. ते तर पहिल्यापासून तिथेच बसलेले आहे. पोहोचणे किंवा न पोहोचणे हा प्रश्नच इथे नाही. एखादे फलन आपल्या सीमेला असंख्य वेळा स्पर्श करील, तिच्या पलीकडे जाऊन पुन्हा येईल, तरी ती सीमाच.

मग सीमा म्हणजे काय? वायरस्ट्रासच्या व्याख्येतली एप्सिलॉन आणि डेल्टा ही दोन ग्रीक अक्षरे मुलांना घाबरवतात. इंग्रजीत ती व्याख्या वाचताना आम्हीही अडखळलो. ‘प्रत्येकासाठी असा एक आहे की’ अशी गुंतलेली ती रचना आहे. पण मराठीला हे वळण परके नाही. आपल्याकडे जो-तो आहे, जितका-तितका आहे. आम्ही ती व्याख्या अशी मांडून पाहिली: तुम्ही उत्तरात जितकी सूट द्याल, तितक्या सुटीत राहील असे अंतर मी काढून देईन. एवढेच. विहिरीच्या उदाहरणात तुम्ही म्हणालात की वेग १९.६ पासून ०.०१ पेक्षा अधिक हलता कामा नये. मी म्हणतो, मग ह ०.००२ पेक्षा मोठा घेऊ नका. तुम्ही सूट आणखी आवळून ०.००१ केलीत, तर मी म्हणतो ०.०००२. तुम्ही कितीही कंजूषपणा करा, मला प्रत्येक वेळी उत्तर देता आले पाहिजे. आधी बोलण्याचा मान तुमचा. हा क्रम उलटला की व्याख्या कोसळते. पूर्वपक्ष आधी आणि उत्तरपक्ष मागून, या आपल्या वादपद्धतीचीच ही शिस्त आहे. आणि या साऱ्या संवादात ह एकदाही शून्य होत नाही. बर्कलीच्या पिशाच्चाला उतारा मिळाला तो इथे. १९.६ हे ह शून्य झाल्यावरचे उत्तर नव्हे. ह शून्य न होताही सारी उत्तरे ज्या एकाच संख्येशी हा करार पाळू शकतात, ती ही संख्या.

भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे शून्याने भागतच नाहीत.” सर म्हणाले, “नाहीत. पण घाईत तसे लिहितात.”

यानंतरचा भाग भरभर झाला. क्ष² चा अवकलज २ क्ष, क्ष³ चा ३ क्ष², गुणाकाराचा नियम, भागाकाराचा नियम. हे यंत्र एकदा हाती आले की चालवता येते, आणि परीक्षा मुख्यतः तेच चालवायला सांगते. भाची विज्ञानातच राहिली. पुढे काय झाली हे सांगण्याचे कारण नाही, आणि प्रत्येक मुलाने विज्ञानातच राहावे असेही आम्हाला सुचवायचे नाही. एवढेच की ती जर गेली असती, तर तिचा प्रश्न चुकीचा होता असे समजून गेली असती.

आता त्या शब्दाकडे. शून्यलब्धी हे नाव प्रथम ऐकले की शून्यातून काही लाभले, असा अर्थ मनात येतो, आणि तो काव्यात्म वाटतो. पण जुन्या गणिती भाषेत लब्धी म्हणजे भागाकाराचे उत्तर. म्हणजे आमच्या वाचनाप्रमाणे शून्यलब्धी हा शून्यांचा भागाकार. भाचीला जो पेच जेवताना सुचला, तो जांभेकरांच्या पुस्तकाच्या नावावरच उघडपणे लिहिलेला होता. जांभेकर १८४६ साली गेले. वायरस्ट्रासची व्याख्याने तेव्हा व्हायची होती. जांभेकरांच्या पुस्तकाने पेच धारण करणारे नाव वागवले. पुढे रूढ झालेला अवकलन हा शब्द नेटका आहे, त्याची कुटुंबातली इतर रूपे चांगली बनतात, समाकलनाशी त्याची जोडी जमते. परंतु त्यात प्रश्न उरलेला नाही. तो शब्द ऐकून कोणाही मुलाला काही खटकणार नाही.

परिभाषेने अडचण सोडवावी की दाखवावी, हा प्रश्न आम्ही साहित्याच्या अभ्यासकांनी आपल्यालाही विचारायला हरकत नाही. आपल्या समीक्षेतही असे कितीतरी गुळगुळीत शब्द आहेत. त्यांच्या आत एकेकाळी कोणाची तरी झोप उडवणारा वाद होता, आणि आज ते प्रश्नपत्रिकेत पाच गुणांसाठी येतात. विद्यार्थी त्यांच्या व्याख्या पाठ करतो. ज्याला आतला वाद ऐकू येतो तो अडखळतो, आणि मागे पडतो. निदान जांभेकरांचा पाठ शिकवताना यादीतल्या त्या नावापाशी एक मिनिट थांबावे, आणि वर्गात विचारावे, की शून्याला शून्याने भागले तर काय येते. कोणीतरी उत्तर देईल. कोणीतरी म्हणेल की असे भागताच येत नाही. त्या दुसऱ्या मुलाकडे नीट पाहावे.