पणजोबांच्या रानात

घर सोडून गेलेल्या मुलाची गोष्ट मुलांना सांगावी की सांगू नये? आमच्या घरी यावर थोडी वादावादी झाली. सूनबाई म्हणाली, "अहो आई, आधीच पोरांचा पाय घरात ठरत नाही, त्यात तुम्ही असल्या गोष्टी सांगता!" तिची काळजी रास्तच होती. तरी मी सांगितली, कारण हा पोरगा निघतो तो शहरातून, आणि जातो कुठे, तर पणजोबांच्या पडीक शेताकडे.

'माय साइड ऑफ द माउंटन' हे पुस्तक जीन क्रेगहेड जॉर्ज या अमेरिकन लेखिकेचे. ते १९५९ साली निघाले. सॅम ग्रिबली न्यूयॉर्कला एका लहान घरात राहतो. आईबाप आणि नऊ मुले, अशी अकरा माणसे! त्याच्या पणजोबांनी कॅट्सकिल डोंगरात झाडे तोडून शेत काढले होते. पण त्यांचे मन समुद्राकडे ओढले. शेती बसली आणि ते जहाजावर निघून गेले. जमीन तेवढी घराण्याकडे राहिली. चाकू, दोरी, कुऱ्हाड, गारगोटी-पोलाद आणि ४० डॉलर घेऊन सॅम तिकडे निघतो. बाप हसून परवानगी देतो. त्याला वाटते, जाईल कुठे, येईल परत!

पहिल्याच रात्री सॅमची फजिती होते. मासे मिळतात, पण विस्तव काही पेटत नाही. रात्र थंडीत आणि उपाशीपोटी जाते. मग तो जवळच्या एका घरी जाऊन विचारतो, आणि तिथला माणूस त्याला विस्तव पेटवायला शिकवतो. जमीन नेमकी कुठे, हे शोधायला डेल्ही नावाच्या गावातल्या ग्रंथालयातील बाई मदत करतात. गावाचे नाव ऐकून नातवंडे खूप हसली. मला मात्र या पोराचे विचारणे फार आवडले. ज्याला विचारायची लाज नाही, तो रानातही उपाशी मरत नाही.

पुढे तो एका प्रचंड झाडाच्या पोकळ खोडात घर करतो. ओकच्या फळांचे पीठ करतो, पाणकणसाचे कंद खातो, हरणाचे कातडे कमावून कपडे शिवतो. बहिरी ससाण्याचे पिल्लू आणून त्याला शिकार शिकवतो. (आपल्याकडे असे पिल्लू धरणे हा गुन्हा आहे, हेही मी मुलांना सांगितले.) थंडीत तो खोडातच चूल पेटवून दार लावून घेतो, आणि ती पक्षीण झोकांड्या खाऊ लागते. हवा कोंडली हे ओळखून तो खोडाला भोके मोकळी करतो. इथे मी गोष्ट थांबवली आणि बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून कधी झोपू नये, हे सर्वांना बजावले. सूनबाईनेही मान डोलावली.

शेवटी सॅमचे सारे कुटुंबच डोंगरावर येते आणि बाप तिथे घर बांधायचे ठरवतो.

गोष्ट संपल्यावर धाकट्याने विचारले, "आजी, आपल्या माळावर खायला काय मिळेल?" मी करवंदे, बोरे, टाकळा, कुरडू एवढी नावे घेतली आणि थांबले. पुढची नावे सूनबाईने सांगितली. तिचे माहेर डोंगरातले. कोणता पाला कोवळा असताना खुडायचा, कोणता उकळून पाणी टाकल्याशिवाय खायचा नाही, हे ती सांगत राहिली आणि पोरे तोंडाकडे बघत राहिली.

माळाचे ते दोन एकर विकायची बोलणी सध्या घरात चालली आहेत. 'तिथे काही पिकत नाही,' असे माझा मुलगा म्हणतो, आणि हिशेबाने ते खोटेही नाही. विकायचे की ठेवायचे, ते घरातल्या कर्त्यांनी बघावे. मी एवढेच सांगितले आहे, की पहिला पाऊस पडला की सूनबाईने मुलांना घेऊन एकदा तो माळ हिंडून यावा. जे जाणार आहे, ते निदान त्यांच्या ओळखीचे तरी असू दे.